दोन तासांची वही

इंजिनिअरिंग केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी पुस्तक बांधून घेतलेलं असतं. शेवटच्या सेमिस्टरचं ब्लॅक बुक. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरांत कॉलेजचं नाव, प्रोजेक्टचं नाव, ग्रुपमधल्या चौघांची नावं, गाईडचं नाव. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी प्रिंटआउटचा गठ्ठा घेऊन बाइंडरकडे जायचं, "काका, उद्या सकाळी लागेल" म्हणायचं, आणि सकाळी खळीचा वास येणाऱ्या प्रती उचलून पळायचं. त्या पुस्तकावर सगळ्यांची नावं असतात. ज्याने ते एका रात्रीत उभं केलं, त्याचं तेवढं नसतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि गेली तीन वर्षं शनिवार-रविवारी हाताने वह्या शिवून विकतो. प्रदर्शनात टेबल मांडलं की दर तासाला एक प्रश्न ठरलेला: "साध्या वहीचे एवढे पैसे कशाचे?" विचारणाऱ्याचा सूर भांडणाचा नसतो, कुतूहलाचा असतो. मी आपलं "हँडमेड आहे" म्हणतो. पण ते काही उत्तर नव्हे. हँडमेड म्हणजे कोणाचा हात, किती वेळ, आणि त्या वेळेचे पैसे कोणी दिले? हा प्रश्न माझ्या टेबलाहून फार जुना आहे. लंडन, कलकत्ता आणि चेन्नई या तीन शहरांत लोकांनी त्याची तीन वेगवेगळी उत्तरं काढली. ती वाचताना मला माझा हिशेब कळत गेला.

शिवण म्हणजे काय

आधी थोडं तंत्र. आपल्याकडे पोथीला शिवण नव्हती. सुटी आडवी पानं एकावर एक ठेवायची, वरखाली लाकडी फळ्या आणि सगळं फडक्यात बांधायचं. पान खराब झालं तर तेवढंच बदलता येतं. कागदपत्रांचंही तसंच. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर मोडी कागदांचे रुमाल बांधूनच ठेवलेलं आहे. इथे 'रुमाल' म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. या पद्धतीत बाइंडर लागतच नाही, गाठ मारता आली की झालं.

व्यापाऱ्यांची चोपडी मात्र शिवलेली असायची. लाल कापड, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके. दिवाळीत वहीपूजनाला जी मांडली जायची ती. हिशेबाच्या वहीत पान सुटं असून चालत नाही. कोणी मधलं पान काढलं तर कळायला हवं. म्हणजे शिवण ही नुसती सोय नाही, ती एक प्रकारची हमी आहे.

माझी ए-फाइव्ह आकाराची वही अशी होते. ए-फोरचे चार कागद एकत्र मधोमध घडी घालायचे. त्याची आठ पानं, सोळा पृष्ठं झाली. हा एक फर्मा. असे बारा फर्मे, म्हणजे 48 कागद, 192 पृष्ठं. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर टोच्याने भोकं पाडायची. मग मेण लावलेला दोरा घडीतून आत-बाहेर घेत एक फर्मा दुसऱ्याला जोडत जायचा. शेवटी पाठीला खळ, पुठ्ठे, कापड, आणि रात्रभर वजनाखाली. अशी वही टेबलावर सपाट उघडते, कारण दोरा घडीतून गेलेला असतो. ब्लॅक बुक तसं उघडत नाही. तिथे सुटी पानं असतात, भोकं कडेने पाडतात आणि मार्जिनचा अर्धा भाग शिवणीतच जातो.

तिसरा प्रकार निव्वळ गोंदाचा. 1836 साली विल्यम हॅनकॉक नावाच्या इंग्रजाने घड्या कापून टाकून सगळी पानं रबराच्या द्रावणाने पाठीला चिकटवण्याचं पेटंट घेतलं. शिवणारा माणूसच वगळला. काही वर्षांत ते रबर कुजायचं आणि पानं गळायची. गोंद पुढे सुधारला, कल्पना तीच राहिली. तुमच्या स्पर्धा परीक्षेच्या गाईडची पानं दुसऱ्या वाचनाला हातात येतात, ती याच घराण्यातली.

लंडन: सात वर्षं आणि एक तास

मायकेल फॅरडे आपल्याला बारावीच्या फिजिक्समध्ये भेटतो. तो मुळात बुकबाइंडर होता. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम झालेली. 1805 साली, चौदाव्या वर्षी, लंडनच्या जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्या-बाइंडरकडे तो सात वर्षांसाठी शिकाऊ म्हणून लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. एनसायक्लोपीडियातला विजेवरचा लेख त्याला असाच सापडला. पुढे हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकून त्याने टिपणं काढली, ती सुवाच्य लिहून काढून स्वतः बांधली आणि सुमारे तीनशे पानांचं ते पुस्तक डेव्हीलाच पाठवलं. 1813 मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळाली. एका अर्थाने जगातला सर्वांत यशस्वी ठरलेला बायोडेटा हाताने शिवलेला होता.

पण फॅरडे त्या धंद्यातून बाहेर पडला म्हणून आपल्याला माहीत आहे. जे आत राहिले त्यांची गोष्ट वेगळी. 1786 साली लंडनच्या बाइंडर कारागिरांनी मालकांकडे एक मागणी केली: दिवसाच्या चौदा तासांतला एक तास कमी करा. मालकांनी म्होरक्यांवर कटाचा खटला भरला आणि पाच जणांना दोन वर्षांची कैद झाली. मागणी पगारवाढीची नव्हती, एका तासाची होती.

कारागिरांच्या या इतिहासातही एक वर्ग मागेच राहतो. लंडनच्या कारखान्यांत कागदाच्या घड्या घालणं आणि शिवणं हे बायकांचं काम होतं. पुठ्ठे, चामडं, सोनेरी अक्षरं हे पुरुषांचं. दुसऱ्या कामाला 'कला' म्हणत, पहिल्याला मजुरी. 1849 साली वॉटकिन्सच्या कारखान्यात ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीची बायबलं शिवणाऱ्या बायकांनी घटत्या दरांविरुद्ध आवाज उठवला. मेरी झग ही त्यांच्यातली पुढारी. सोसायटीचा हेतू चांगला होता, गरिबातल्या गरिबाला बायबल परवडावं. पण पुस्तक स्वस्त करायचं तर ते कशातून तरी काढावं लागतं. कागदाचा भाव गिरणी ठरवते, छपाईचा भाव छापखाना. सगळ्यात सहज खाली ढकलता येतो तो शिवणीचा दर.

याच काळात धंद्याची रचनाच बदलत होती. पूर्वी पुठ्ठे थेट शिवणीच्या दोऱ्यांना जोडत. पुस्तक आणि त्याचं आवरण एकाच हाताखाली वाढायचं. 1820 च्या दशकात प्रकाशकांनी कापडी बांधणी आणली आणि मग आवरण वेगळं बनवून ठेवायचं व शिवलेला गठ्ठा नंतर त्यात चिकटवायचा, ही पद्धत रुळली. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन मॉड्यूल सुटी झाली. सुटी झाल्यावर प्रत्येकाचं वेगळं यंत्र करता येतं. अमेरिकेतल्या डेव्हिड मॅकॉनेल स्मिथने 1868 पासून पुस्तकं शिवणाऱ्या यंत्रांची पेटंटं घेतली. आजही चांगल्या पुठ्ठा बांधणीच्या परदेशी पुस्तकांबद्दल 'स्मिथ-सोन' असा शब्द वापरतात, तो त्याच्याच नावावरून. शिवणाऱ्या हजारो बायकांच्या वाट्याला नाव आलं नाही, यंत्राच्या वाट्याला आलं.

हॅमरस्मिथ: वीस पौंडांचं पुस्तक

यंत्रं सर्वत्र झाल्यावरच 'हाताने केलेलं' या शब्दाला भाव आला. त्याआधी सगळंच हाताचं असल्यामुळे तो शब्द कोणी कौतुकाने वापरतच नव्हतं.

लंडनच्या हॅमरस्मिथ भागात 1891 साली विल्यम मॉरिसने केल्मस्कॉट प्रेस सुरू केला. मॉरिस कवी, नक्षीकार आणि कडवा समाजवादी. त्याचं म्हणणं असं, की यंत्राने कामगाराच्या कामातला आनंद काढून घेतला. सुंदर वस्तू पुन्हा हाताने बनायला हव्यात. त्याने चिंध्यांपासून केलेला हातकागद वापरला, स्वतः टाइप आखला, हातदाबाच्या यंत्रावर छपाई केली. 1896 साली चॉसरच्या समग्र वाङ्मयाची त्याची आवृत्ती निघाली: बर्न-जोन्सची 87 चित्रं, कागदावरच्या 425 प्रती आणि चर्मपत्रावरच्या 13. कागदी प्रतीची किंमत 20 पौंड. त्या वेळी लंडनमधल्या टाइप जुळवणाऱ्या कामगाराचा ठरलेला दर आठवड्याला 38 शिलिंग होता. भागाकार करा: ते पुस्तक छापणाऱ्याला ते विकत घ्यायला साडेदहा आठवड्यांचा अख्खा पगार लागला असता.

मॉरिसला ही विसंगती पुरती ठाऊक होती. पण कामगाराला नीट पगार द्यायचा, कागद उत्तम घ्यायचा, घाई करायची नाही, हे सगळं केलं की आकडा तिथेच जातो. त्याने पुस्तकाचा खरा खर्च लपवला नाही, एवढंच. तो खर्च पेलणारे श्रीमंत संग्राहकच निघाले, हा त्या व्यवस्थेचा दोष.

त्याच्या शेजारीच टी. जे. कॉबडेन-सँडरसन राहायचा. हा आधी बॅरिस्टर. वकिलीत मन रमेना. 1883 मध्ये मॉरिसची बायको जेन हिने सुचवलं, की बुकबाइंडिंग शिकून बघा. चाळिशी ओलांडलेला हा माणूस रॉजर द कॉव्हर्ली नावाच्या बाइंडरकडे शिकायला गेला. करिअर बदलून हातकामाकडे वळलेल्या आजच्या कॉर्पोरेट मंडळींचा तो मूळपुरुष. पुढे 1893 मध्ये त्याने डव्ह्ज बाइंडरी काढली आणि 1900 मध्ये एमरी वॉकरबरोबर डव्ह्ज प्रेस.

डव्ह्जच्या बांधण्या आज संग्रहालयांत आहेत. त्यांवर बाइंडरीचं नाव आणि साल असतं. सुरुवातीच्या वर्षांत कॉबडेन-सँडरसनची पुस्तकं शिवायची त्याची बायको ॲनी. ही रिचर्ड कॉबडेन या प्रसिद्ध राजकारण्याची मुलगी. पुढे बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी ती तुरुंगातही गेली. नवऱ्याच्या या उद्योगाला पैसा बराचसा तिचाच होता. बाइंडरी झाल्यावर शिवणकामाला बेसी हूली नावाची कारागीर होती. नाव माहीत आहे, एवढंच; एरवी ती बाइंडरीच्या शिक्क्यामागे आहे.

लोकांना डव्ह्ज आठवतं ते वेगळ्याच कारणाने. भागीदारी मोडली, प्रेसचा सुंदर टाइप करारानुसार पुढे वॉकरकडे जाणार होता. ते होऊ नये म्हणून म्हाताऱ्या कॉबडेन-सँडरसनने 1916 च्या ऑगस्टपासून 1917 च्या जानेवारीपर्यंत रात्री हॅमरस्मिथ पुलावर जाऊन तो सगळा टाइप, एक टनाहून अधिक शिसं, थेम्स नदीत टाकलं. 2014 साली रॉबर्ट ग्रीन या डिझायनरने पाणबुड्यांच्या मदतीने त्यातले दीडशे खिळे बाहेर काढले. ही गोष्ट इंटरनेटवर दर काही महिन्यांनी फिरते. माझं लक्ष मात्र दरवेळी त्या आधीच्या गोष्टीकडे जातं: या कारागिरीच्या मागे घरचा पैसा होता. कॉबडेन-सँडरसनला त्याचा वेळ विकून जगावं लागत नव्हतं.

कलकत्ता: साडीतलं पुस्तक

हे सगळं भारतात करायचं तर? 1958 साली कलकत्त्यात काही तरुण लेखकांनी रायटर्स वर्कशॉप सुरू केलं. पुढे ते चालवलं पुरुषोत्तम लाल, म्हणजे पी. लाल यांनी, तेही घरातून. लेक गार्डन्समधलं घर हेच कार्यालय, गोदाम आणि संपादकीय विभाग. लाल सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवीला तेव्हा प्रकाशक मिळत नसे. परदेशी संस्थांना रस नव्हता आणि इथल्यांना धंदा दिसत नव्हता.

लाल यांनी जवळपास हाताशी होतं त्यातून पुस्तक घडवलं. खिळे हाताने जुळवायचे, छपाई शेजारच्या छोट्या हातयंत्रावर. मुखपृष्ठावरची अक्षरं लाल स्वतः कॅलिग्राफीच्या पेनाने काढत. आणि बांधणीला हातमागाच्या साडीचं कापड. हिरव्या-लाल काठांचं, इकतचं, चौकड्यांचं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींनाही वेगळी साडी असू शकते. आपल्याकडे पोथी फडक्यात बांधतात, त्याचंच हे पुस्तकी रूप म्हणायला हरकत नाही.

विक्रम सेठ यांचा पहिला कवितासंग्रह इथून आला. आगा शाहिद अली यांचाही. मराठी वाचकाने आणखी एक नाव लक्षात ठेवावं: गौरी देशपांडे. मराठीत कादंबरीकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचे इंग्रजी कवितासंग्रह 'बिट्वीन बर्थ्स' (1968) आणि 'लॉस्ट लव्ह' (1970) रायटर्स वर्कशॉपने काढले. इरावती कर्व्यांच्या लेकीची पहिलीवहिली कवितेची पुस्तकं कलकत्त्यातल्या एका प्राध्यापकाच्या घरातून निघाली.

आता हिशेब. लाल यांची अट असायची, की लेखकाने आपल्या पुस्तकाच्या शंभर प्रती स्वतः विकत घ्याव्यात. यावरून त्यांच्यावर टीका झाली. हे तर पैसे घेऊन छापणं, असं म्हटलं गेलं. लाल यांचा बचाव सरळ होता: ही संस्था नफ्यासाठी नाही, पुस्तक निवडतो मी, आणि शंभर प्रतींशिवाय पुढचं पुस्तक निघत नाही. वर्षानुवर्षं प्राध्यापकीचा पगार आणि परदेशातल्या व्याख्यानांचं मानधन त्यांनी यात ओतलं. या पद्धतीने तीन हजारांहून अधिक पुस्तकं निघाली. लाल 2010 मध्ये गेले; त्यांचा मुलगा आनंद लाल यांनी काम पुढे चालू ठेवलं.

म्हणजे हॅमरस्मिथमध्ये जो भार श्रीमंत ग्राहकाने उचलला, तो इथे कवीने आणि प्रकाशकाच्या पगाराने उचलला. पण लाल यांनी एक गोष्ट केली जी डव्ह्जला जमली नाही. त्यांच्या कित्येक पुस्तकांत सुरुवातीच्या पानावरच लिहिलेलं असतं, की हे पुस्तक हाताने शिवलं, चिकटवलं आणि बांधलं ते तुलामिया मोहिउद्दीन यांनी. छापणाऱ्या पी. के. आदित्य यांचंही नाव असतं. कवीचं नाव कव्हरवर, बाइंडरचं आत. पण दोन्ही त्याच पुस्तकात. कवी एकदोन पुस्तकं काढून विसरले गेले असतील. तुलामियांचं नाव पुस्तकामागून पुस्तकात छापलं जात राहिलं.

चेन्नई: आठ हजार प्रती

लाल यांच्या वाटेला एक मर्यादा होती. प्रती थोड्या, भार पगारावर. हाताची कामं धंदा म्हणून, पोटापाण्यासाठी, मोठ्या संख्येने करता येतात का? या प्रश्नाचं उत्तर चेन्नईत तारा बुक्सने दिलं.

गीता वुल्फ यांनी 1994 मध्ये तारा सुरू केली. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक 'द व्हेरी हंग्री लायन'. एका भुकेल्या सिंहाची लोककथा, आणि इंद्रप्रमित रॉय यांनी काढलेली चित्रं आपल्या वारली शैलीवरून घेतलेली. पालघर-डहाणूकडच्या भिंतींवरची त्रिकोणी माणसं तमिळनाडूत हातकागदावर उतरली. हाताने केलेला नमुना घेऊन ही मंडळी फ्रँकफर्टच्या पुस्तक जत्रेत गेली, तर कॅनडातल्या एका प्रकाशकाने थेट आठ हजार प्रतींची मागणी नोंदवली.

आठ हजार हा आकडा मी माझ्या हिशेबात घालून बघितला. माझ्या वेगाने, दिवसाला आठ तास काम धरून, आठ हजार वह्या शिवायला साडेपाच वर्षं लागतील, एकही सुट्टी न घेता. आणि माझी पानं कोरी असतात. त्यांची स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली होती. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी, कागद प्रत्येक रंगाला पुन्हा यंत्राखाली, आणि दोन रंगांमध्ये वाळवणं.

हे पेललं ते सी. अरुमुगम यांनी. त्यांनी कारागीर जमवले, शिकवले, आणि त्यातून एएमएम स्क्रीन्स ही कार्यशाळा उभी राहिली. सुमारे दोन डझन कारागीर, जे छापतातही आणि शिवतातही. 2006 साली आलेलं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड कलावंतांचं काळ्या हातकागदावरचं पुस्तक. त्याला 2008 मध्ये इटलीतल्या बोलोन्या पुस्तक जत्रेचा पुरस्कार मिळाला आणि नंतर ते अनेक भाषांत, अनेक आवृत्त्यांत निघालं. प्रत्येक प्रतीवर हाताने क्रमांक घातलेला असतो.

इथला भार कोण उचलतो? जगभरची बाजारपेठ. पुस्तक युरोपात, जपानमध्ये, अमेरिकेत विकलं जातं. तिथल्या किमतीतून चेन्नईचा पगार निघतो. आणि अट अशी, की घाई चालत नाही. ऑर्डर दिली की महिनोन्‌महिने थांबावं लागतं. आगाऊ मागणी, ठरलेली संख्या, थांबायला तयार गिऱ्हाईक: या तीन खांबांवर ते उभं आहे. यात वाया जाणारा कागदही सुटत नाही. रंग लावताना चाचणीसाठी वापरलेल्या, एकावर एक चित्रं उमटलेल्या कागदांच्या ते वह्या करतात. त्या वह्यांची कव्हरं पुन्हा कधीच सारखी निघत नाहीत. आणि पुस्तकांत अरुमुगम यांचं नाव असतं.

साडेपाचशे रुपयांची फोड

आता माझं टेबल. एका वहीला घड्या वीस मिनिटं, भोकं पंधरा, शिवण पंचेचाळीस, पुठ्ठा-कापड चाळीस. दोन तास. वाळायचा वेळ वेगळा. कागद, पुठ्ठा, दोरा, खादीचं कापड मिळून 160 रुपये. टेबलाचं भाडं आणि पॅकिंग वहीमागे 90. तासाला 150 रुपये मजुरी धरली तर 300. बेरीज 550. यात नफा नाही. एका दुकानदाराला वह्या ठेवायला विचारलं, तर त्यांचा हिस्सा 40 टक्के. म्हणजे माझ्या हातात 550 पडायचे तर वहीवर 917 छापावे लागतील. दुकानदाराचंही भाडं असतं, त्यामुळे त्यात राग यावा असं काही नाही. पण यंत्राची वही दीडशेला मिळते.

इथे एक सोपी पळवाट आहे आणि माझ्यासारख्या हौशी लोकांपैकी बरेचजण ती घेतात: मजुरीचे 300 काढून टाकायचे. छंदच तर आहे, पगार चालू आहे, 250 ला विकू. वही झटकन संपते, इन्स्टाग्रामवर कौतुक होतं. पण त्याच प्रदर्शनात चार टेबलं सोडून एखादी बाई बसलेली असते, जिचं घर या वह्यांवर चालतं. तिला 300 काढता येत नाहीत. माझी 250 ची वही बघून आलेलं गिऱ्हाईक तिला म्हणतं, "तिकडे तर अर्ध्या किमतीत आहे." 1849 च्या बायबलांचा प्रकारच हा. हेतू चांगला, वस्तू स्वस्त, आणि फरक भरून काढणारी व्यक्ती तिसरीच. कॉबडेन-सँडरसनमागे ॲनीचा पैसा होता, लाल यांच्यामागे प्राध्यापकी, माझ्यामागे दर महिन्याला जमा होणारा पगार. पगार असणं वाईट नाही. पण त्या दोघांनीही आपली वस्तू बाजार पाडून विकली नाही, हे महत्त्वाचं. म्हणून पहिल्या दिवसापासून माझी वही 550 ची आहे आणि टेबलावर ही फोड मी छापून ठेवतो. ती वाचून काहीजण वही परत ठेवतात. काहीजण ती फोड वाचण्यासाठीच थांबतात. मध्यंतरी एका मुलीने फोन काढून गुणाकार केला आणि म्हणाली, "दादा, तासाला दीडशे पण कमीच आहेत." बरोबर आहे तिचं.

गेल्या दिवाळीआधी एका छोट्या कंपनीने दोनशे डायऱ्या मागितल्या. एकट्याने होण्यासारखं ते काम नव्हतं. मी ज्यांच्याकडे शिवण शिकलो ते पेठेतले बाइंडर काका, वय साठीच्या पुढे, त्यांच्याकडे गेलो. त्यांचा दर नगावर ठरलेला, आणि तो माझ्या हिशेबाच्या निम्माही नव्हता. मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला तासाप्रमाणे देतो." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दे की. पण मी हळू काम करणार नाही हं. हाताला सवय नाही." आणि खरंच, माझ्या दोन तासांच्या वहीला त्यांना पन्नास मिनिटं लागली. म्हणजे तासाचा दर लावून त्यांचं नुकसानच झालं असतं. चाळीस वर्षांच्या वेगाचे पैसे तासात मोजता येत नाहीत. शेवटी आम्ही नगावर ठरवलं, पण माझ्या नगाचा दर: वहीमागे 300.

मग मी त्यांना तुलामियांबद्दल सांगितलं. म्हटलं, डायरीच्या शेवटच्या पानावर तुमचं नाव छापायचं आहे. मला वाटलं होतं ते संकोचतील किंवा खूश होतील. त्यांनी दोऱ्याला मेण ओढत विचार केला.

"नावाचं काय करणार लोक? खाली फोन नंबर टाक. काम येईल."

आम्ही दोन्ही छापलं. आतापर्यंत तीन फोन आले आहेत. एक कंपनीचाच, पुढच्या वर्षीसाठी. एक पीएचडीवाल्याचा. आणि एका आजींचा: त्यांच्या सासूबाईंची ज्ञानेश्वरी पाठीतून उसवली आहे, जुनं कापड न बदलता नीट करून मिळेल का. काकांनी त्यांना किंमत सांगितली, त्यांनी ती लगेच मान्य केली, आणि ज्ञानेश्वरी सध्या त्यांच्या दुकानात वजनाखाली आहे.